नदी ही कारखान्याची मोरी नव्हे!

जे औषध वैद्याने मोजून द्यावयाचे, रोग्याने वेळ पाहून घ्यावयाचे आणि पाच-सात दिवसांत बंद करावयाचे, तेच औषध रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, कोणाच्याही सांगण्यावाचून एखाद्या ओढ्यातून वाहत राहिले, तर त्याला औषध म्हणावे की विष? हा प्रश्न आम्ही वाणीचा अलंकार म्हणून विचारीत नाही. हैदराबादला लागून पटनचेरू नावाचे गाव आहे. औषधांचा कच्चा माल बनविणाऱ्या कारखान्यांची तेथे दाटी आहे. अशा सुमारे नव्वद कारखान्यांचे सांडपाणी जेथे एकत्र येई, त्या सामाईक शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी स्वीडनमधील संशोधकांनी पाण्याचे नमुने घेतले आणि २००७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. केंद्रातून ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडणाऱ्या त्या पाण्याच्या एका लिटरात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले! रोग्याने गोळी घेतल्यावर त्याच्या रक्तात हे औषध जेवढे चढते, त्याच्याही कित्येक पट हे प्रमाण होते. एका दिवसात या एकाच औषधाचे ४५ किलो त्या पाण्याबरोबर वाहून जात होते, असा संशोधकांचा हिशेब होता. सबंध स्वीडन देशाला जेवढे सिप्रोफ्लॉक्सासिन पाच दिवस पुरते, तेवढे आमच्या एका ओढ्याच्या वाट्याला एका दिवसात येत होते.

आणि ज्याला हे केंद्र ‘शुद्धीकरण’ म्हणत होते, त्याचे नाव शुद्धीकरण!

ते पाणी जात कोठे होते, हेही वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. आधी इस्कवागू, मग नक्कवागू. वागू म्हणजे तेलुगूत ओढा. नक्कवागू मिळतो मांजरेला आणि मांजरा मिळते गोदावरीला. ही मांजरा आपल्याला परकी नाही. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरकडून खाली उतरते, भालकी-औरादच्या शिवारांतून बिदर जिल्हा ओलांडते, तेलंगणात शिरते, निजामसागराच्या जलाशयात थांबते, आणि पुन्हा उत्तरेकडे वळून देगलूर-बिलोलीच्या शिवेवरून कंदकुर्तीपाशी गोदामाईच्या कुशीत जाते. तीन राज्यांची माती या एका नदीने भिजते. राज्यांच्या सीमा माणसे आखतात, माणसे मोडतात आणि माणसेच त्यांवरून भांडतात. नदीला त्यांची खबरही नसते. वरच्या गावाने जे पाण्यात सोडले, ते खालच्या गावाने प्यावे, एवढा एकच कायदा ती पाळते. म्हणूनच ‘तो प्रश्न त्या राज्याचा’ असे म्हणून हात झटकणाऱ्या अधिकाऱ्यांना आम्ही विचारतो, की तुमच्या अधिकाराची हद्द तुम्ही पाण्यावर कोणत्या खुंटीने रोवली आहे?

कोणी म्हणेल, एका दोन दिवसांच्या नमुन्यांवरून एवढा गहजब कशाला? तर ऐका. २००९ साली याच संशोधकांच्या गटाने त्या परिसरातील तळी आणि गावोगावच्या विहिरी तपासल्या. एका तळ्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत निघाले. विहिरींच्या पाण्यातही औषधे निघाली. ज्या माउलीने आयुष्यात कधी डॉक्टरची पायरी चढली नसेल, तिच्या घागरीत औषध! २०११ साली ओढ्यातील गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्ती जंतूंना देणारी जनुके आणि ती जनुके एका जंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचविणारी साधने त्या गाळात विपुल सापडली. म्हणजे पाणी वाहून गेले तरी त्याने शिकविलेला धडा तळाशी राहिला.

हा धडा कोणता, ते साध्या शब्दांत सांगितले पाहिजे, कारण याच ठिकाणी सामान्य माणसाची गल्लत होते. प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळे पाणी, फेस, दुर्गंधी आणि पालथे पडलेले मासे येतात. औषधाचे प्रदूषण बहुधा असे दिसत नाही. प्रतिजैविक हे जंतूंना मारण्यासाठी असते. ते पाण्यात सतत राहिले म्हणजे दुबळे जंतू मरतात आणि त्याला पुरून उरणारे तेवढे जगतात, वाढतात, आणि आपले ते सामर्थ्य शेजारच्या निराळ्या जातीच्या जंतूंनाही वाटून देतात. आज जो निरुपद्रवी जंतू गाळात आहे, तो उद्या आपले कवच विषमज्वराच्या किंवा मूत्रमार्गाच्या जंतूच्या हाती देऊ शकतो. मग गावातला डॉक्टर नेहमीची गोळी लिहून देतो, घरचे लोक ती बिनचूक देतात, आणि ताप उतरत नाही. जिवाणूंच्या या प्रतिकारामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हे सारे मृत्यू कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे झाले असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हणू नये. औषधांचा अविचारी वापर, चिठ्ठीवाचून दुकानातून होणारी विक्री, कोंबड्या-जनावरांना दिली जाणारी औषधे, इस्पितळांतील अस्वच्छता, हे सारे त्यात वाटेकरी आहेत. पण ज्या आगीत एवढी घरे जळत आहेत, त्या आगीत कोणी डबेच्या डबे तेल ओतावे आणि ‘आग मी लावली नाही’ म्हणून साळसूदपणे उभे राहावे, हे आम्हांस मान्य नाही.

शुद्धीकरण केंद्रांचे तर्कशास्त्रही पाहण्यासारखे आहे. अशा केंद्रात घाण खाऊन टाकण्याचे काम जंतूच करतात. दुधाला विरजण लावावे तसे सांडपाण्याला जंतू लावायचे आणि त्यांच्याकडून ते निवळून घ्यायचे. आता ज्या पाण्यात जंतुनाशक औषधच दाटून आलेले आहे, त्यात हे विरजण लागणार कसे? म्हणून पटनचेरूच्या केंद्रात माणसांचे मैलापाणी मिसळले जाई. परिणाम काय? माणसाच्या आतड्यातले जंतू आणि त्यांना मारणारे औषध यांची गाठ रोज एकाच टाकीत घालून दिली गेली. जगातल्या कोणत्याही जंतुशास्त्रज्ञाला सांगा, की औषधाला न जुमानणारे जंतू जाणूनबुजून तयार करा. तो याहून निराळी योजना आखील असे आम्हांस वाटत नाही.

औषधांच्या कारखान्यांविषयी आमच्या मनात द्वेष नाही. उलट त्यांचा इतिहास अभिमानाचा आहे, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. १९६१ साली इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि हैदराबादच्या तिच्या कारखान्याने त्या भागात औषधनिर्मितीचे शिक्षण घेतलेली एक पिढीच उभी केली. १९७० च्या पेटंट कायद्याने परदेशी कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि देशी कारखानदाराला आपल्या रीतीने औषध बनविण्याची मोकळीक मिळाली. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली, तेव्हा आफ्रिकेतील लाखो रोग्यांना आशा दिसली. स्वस्त औषध हे या देशाने जगाला दिलेले दान आहे. पण दानाचे पुण्य पदरात असले, म्हणून शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकण्याचा परवाना मिळतो काय? आणि औषध स्वस्त झाले ते कोणाच्या जिवावर? सांडपाण्याचा खर्च कारखान्याने वाचविला आणि तो इस्कवागूच्या काठच्या शेतकऱ्याच्या खाती मांडला. त्याची विहीर गेली, त्याचे भात गेले, त्याची गुरे गेली. या स्वस्ताईची खरी किंमत त्याने भरली, आणि पावतीवर मात्र त्याचे नाव कोठेच नाही.

दुसरा बचाव असा, की इतरत्र हे प्रमाण फार सूक्ष्म असते, एवढ्याशाने काय होणार? कॅनडातील एका प्रायोगिक सरोवराची हकीगत या बचावाचे उत्तर आहे. २००१ ते २००३ अशी तीन वर्षे तेथील शास्त्रज्ञांनी एका सरोवराच्या पाण्यात संततिनियमनाच्या गोळ्यांतील संप्रेरक लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम एवढेच ठेवले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्यानेच तेथील फॅटहेड मिन्नो या लहान माशाचे नर अंड्यांतील प्रथिन तयार करू लागले, त्यांची वीण खुंटली, आणि सरोवरातील ती जात नामशेष होण्याच्या बेतास आली. दिसायला पाणी निर्मळच होते. याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संप्रेरक सोडणे थांबविल्यावर काही वर्षांत तो मासा पुन्हा वाढला. म्हणजे माणसाने हात आखडता घेतला तर पाणी क्षमा करते. पण ती क्षमा मागण्यासाठी आधी हात तर आखडला पाहिजे!

आणि कॅनडापर्यंत जावयाचे तरी कशाला? आपल्या आकाशातील गिधाडे कोठे गेली, हे गावातील कोणत्याही साठी उलटलेल्या गृहस्थाला विचारा. मेलेले ढोर गावकुसाबाहेर टाकले की घटकाभरात ज्यांचे थवे उतरत, ती गिधाडे आज मुलांना चित्रात दाखवावी लागतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुरांना दिले जाई. ते अंगात असता मेलेल्या ढोराचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००४ साली हे कारण शास्त्राने सिद्ध केले आणि २००६ साली सरकारने त्या औषधाच्या गुरांसाठीच्या उत्पादनावर बंदी घातली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादे उरले होते. गाईचे दुखणे बरे करणाऱ्या कोणाच्याही मनात गिधाड मारावे असे नव्हते. तरी ते मेले. औषध हे रोग्याच्या देहाबाहेर गेले की त्याचा उद्देश संपतो आणि परिणाम मात्र चालू राहतो, एवढी साधी गोष्ट आमच्या राज्यकर्त्यांना समजण्यास एका पक्षिजातीचा बळी द्यावा लागला. नद्यांच्या बाबतीत कोणाचा बळी दिल्यावर ती समजणार आहे?

आता कायद्याकडे वळू. औषधी कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी केंद्र सरकारच्या नियमांत एक कसोटी आहे. त्या पाण्यात मासे सोडावयाचे. ९६ तासांनंतर शंभरातील नव्वद मासे जिवंत राहिले की पाणी उत्तीर्ण! शिवाय पाण्यातील प्राणवायू किती खर्च होतो, क्षार किती, आम्लता किती, हेही मोजले जाते. ही मापे निरुपयोगी आहेत असे नाही. पण प्रतिजैविकाचा धोका त्यांच्या चिमट्यात सापडत नाही. औषधाला न जुमानणारा जंतू माशाला मारीत नाही. तो माशाशेजारी सुखाने पोहत असतो. चार दिवस मासा जगला एवढ्यावरून ज्या कायद्याला समाधान वाटते, त्या कायद्याला गावातील लेकरांचे पुढील चाळीस वर्षांचे आयुष्य दिसत नाही.

हे सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नियमांचा एक मसुदा काढला. त्यात शंभरावर प्रतिजैविकांची नावे देऊन सांडपाण्यात त्यांचे प्रमाण किती असावे याच्या मर्यादा घातल्या होत्या. ज्या देशाचे नाव या बाबतीत बदनाम झाले होते, तोच देश अशी मर्यादा कायद्यात घालण्यास पुढे सरसावला, म्हणून त्याचे कौतुकही झाले. कारखानदारांनी हरकती घेतल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, आणि प्रतिजैविकांच्या त्या मर्यादा तिच्यातून गळून गेल्या होत्या! मसुद्यात असलेला सिंह अंतिम कागदावर येईपर्यंत मांजर झाला एवढेच नव्हे, तर मांजरही पळून गेले होते. आम्ही विचारतो, की मर्यादा कडक वाटत होती तर ती सैल का केली नाही? मुदत अपुरी होती तर ती का वाढविली नाही? सरसकट पुसून टाकण्याचे कारण काय? ज्या वस्तूला कायद्यात माप नाही, ती वस्तू न्यायालयात अस्तित्वातच नसते. मग कारखान्याने ती कितीही सोडावी आणि निरीक्षकाने ‘सर्व काही नियमात’ असा शेरा मारून परत यावे!

न्यायालयाचा मार्ग किती लांबचा आहे, तेही पटनचेरूकरांनी अनुभवले आहे. १९९० साली त्यांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ साली ते उच्च न्यायालयाकडे आले, २०१३ साली हरित न्यायाधिकरणाकडे वर्ग झाले, आणि तेथील निकाल लागला २०१७ साली. सत्तावीस वर्षे! ज्या शेतकऱ्याने तक्रार केली तेव्हा त्याचा मुलगा पाळण्यात असेल, तर निकालाच्या दिवशी त्या मुलाचाच मुलगा पाळण्यात असेल.

या अवधीत तोडगा निघाला तो कसला, ते पाहा. अठरा किलोमीटर लांबीचा नळ टाकून पटनचेरूच्या केंद्रातील पाणी अंबरपेठच्या मैलापाणी केंद्रात नेण्याची व्यवस्था झाली. तेथे ते शहराच्या मैल्यात मिसळावयाचे आणि मुसी नदीत सोडावयाचे. मुसी मिळते कृष्णेला. म्हणजे जे विष गोदावरीच्या खोऱ्यात जात होते, ते नळाने उचलून कृष्णेच्या खोऱ्यात टाकले! घरातला केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटून घर स्वच्छ झाल्याचा आनंद मानणाऱ्या गृहिणीला आपण हसतो. येथे इंजिनिअरांनी, अधिकाऱ्यांनी आणि तज्ज्ञांनी मिळून तेच केले, आणि त्याला योजना म्हटले. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरी. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या लेकी. आम्ही त्यांच्या काठी घाट बांधले, तीर्थे मानली, सिंहस्थ आणि कन्यागत भरविले. आणि खाली त्यांच्या वाट्याला हे आले!

‘पण हे दूर पटनचेरूला,’ असे म्हणणाऱ्या आमच्या नगरवासी बंधुभगिनींना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, औषधी रसायनांचे कारखाने पटनचेरूपुरतेच नाहीत. मांजरेच्याच खोऱ्यात, बिदर शहराशेजारच्या कोळार औद्योगिक वसाहतीतही ते उभे आहेत. दुसरी गोष्ट, प्रतिकार शिकलेला जंतू रेल्वेचे तिकीट काढीत नाही. तो प्रवाशाच्या पोटात बसून हैदराबादहून सोलापूरला, बेळगावला, इंदूरला, बडोद्याला पोहोचतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत १०४ देशांतील १,०५२ ठिकाणी नद्यांचे पाणी तपासले गेले. चौथा हिस्सा ठिकाणी कोणते ना कोणते औषध धोक्याच्या पातळीवर आढळले. म्हणजे हा आता एखाद्या ओढ्याचा प्रश्न उरलेला नाही.

उपाय नाही म्हणून आम्ही हताश व्हावे काय? मुळीच नाही! उपाय आहेत आणि ते कारखानदारांना ठाऊक आहेत. प्रतिजैविक असलेले पाणी सामाईक केंद्रात सोडण्याआधीच कारखान्याच्या आवारात निराळे काढता येते. औषधाचा अंश ओझोनने मोडता येतो, कोळशावर धरता येतो, पाणी आटवून उरलेला गाळ जाळता येतो. औषध कंपन्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघाने २०२२ साली प्रतिजैविकांच्या उत्पादनासाठी स्वतःच मानक ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. युरोपने त्याच वर्षी संमत केलेल्या कायद्यात शहरी सांडपाण्यातून औषधांचे अंश काढण्याच्या खर्चाचे किमान ८० टक्के ओझे औषधे व सौंदर्यप्रसाधने बनविणाऱ्यांवर टाकले. परदेशी गिऱ्हाइकाने डोळे वटारले की जे कारखान्याला परवडते, ते गावच्या विहिरीसाठी का परवडू नये?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. २०२० च्या मसुद्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा नियमांत परत आणाव्यात. मोजणी सामाईक केंद्राच्या तोंडाशी न करता प्रत्येक कारखान्याच्या दाराशी करावी, म्हणजे नव्वदांच्या गर्दीत एकाला लपता येणार नाही. त्या मोजणीचे आकडे दरमहा गावच्या चावडीवर, लोकांच्या भाषेत लागावेत. एका नदीच्या खोऱ्यातील सर्व राज्यांच्या प्रदूषण मंडळांनी एकमेकांना आकडे देणे सक्तीचे करावे. आणि औषधाची सरकारी खरेदी करताना केवळ सर्वांत कमी किंमत न पाहता, त्या औषधाचे सांडपाणी कोठे गेले याचा दाखला मागावा.

आणि आपण? आपल्याकडेही काम आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून प्रतिजैविक विकत घेऊ नये, दिलेले अर्धवट सोडू नये, उरलेल्या गोळ्या मोरीत लोटू नयेत. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला विचारावे, की आपल्या इस्पितळाचे सांडपाणी कोठे जाते? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला उत्तर शोधून पुन्हा येण्यास सांगावे. पटनचेरूचे डॉ. किशन राव हे एक साधे डॉक्टर होते. रोग्यांना तपासता तपासता त्यांनी रोगाचे मूळ पाण्यात पाहिले आणि दशकानुदशके त्याविरुद्ध लढा दिला. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती, पैसा नव्हता. नाडीवर बोट होते आणि मन निर्भय होते.

आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या नदीची ओटी भरली. खणनारळ वाहून तिला आई म्हटले. ज्या तोंडाने आई म्हटले, त्याच तोंडाने आता तिच्यासाठी भांडलेही पाहिजे. आईच्या गळ्याशी विषाचा पेला धरलेला असता हात जोडून उभे राहणे, याला भक्ती म्हणत नाहीत!